तुझी सोंगटी फुलीवरच आहे

नागपूर

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या रात्री तू बॅग उचलून, दोन घास न खाता स्टेशनवर गेलास, त्याला आज बारा दिवस झाले. फोनवर आपण दोघंही पाऊस नि कूलर एवढंच बोलतो, म्हणून लिहायला बसले. रात्री जेवतोस ना? हे विचारायचं नाही, असं ठरवलं होतं.

चुकले मी. पंगती उठल्यावर आजीने हौसेने कवड्यांचा अष्टाचंग मांडला, तू मधेच मोबाईल घेऊन उठलास नि मी सगळ्यांदेखत बोलले. तू ऑफिसचं काम पाठवत होतास, हे पिंकीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी तुलाच विचारायला हवं होतं.

फरशीवर आखलेली ती पंचवीस घरं मी अजून पुसली नाहीत. आजी रोज तिथे येऊन बसते. हात कापतो तिचा, कवड्या दिवाणाखाली घरंगळतात. पण चारही पालथ्या पडल्या की "अष्टा!" म्हणून असा आवाज काढते की बाबा पेपर खाली ठेवतात. बांगडीचा हिरवा तुकडा फुलीवर आहे, तो तुझा. तिथे तुला कोणी मारू शकत नाही. पण एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत वळता येत नाही, आणि तू तर अजून कोणाचीच मारली नाहीस. आजी तुझा डाव कोणाला खेळू देत नाही.

अरे, मोबाईलवरच्या खेळात समोर माणूस नसतो. रुसायचं कोणावर, डाव मोडला तर समजूत काढायची कोणी? खोलीवर चार मुलं राहता, तर एक दिवस पत्ते काढा, मेंढीकोट मांडा, त्या निमित्ताने एकत्र जेवाल तरी. जाऊ दे. पुन्हा सुरू झालं माझं प्रवचन, रागावू नको.

तू आठ वर्षांचा असताना मोठ्या काकांकडे कॅरम खेळत होतास. तुझी राणी गेली, कव्हर मात्र मिळालं नाही. काका पंख्याचं बटण दाबायला उठले होते, कोणाचंच लक्ष नव्हतं. तू स्वतः राणी काढून मधोमध ठेवलीस आणि हाताची पावडर चड्डीला पुसलीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. असा मुलगा तिकडे एकटा पडू नये, एवढंच मला वाटत राहतं.

चिवडा नि संत्रा बर्फी पाठवली आहे. बर्फी आधी संपव, चिवडा टिकतो. डब्यात कापडाच्या पुरचुंडीत चार कवड्या आहेत. आजीने आपल्यातल्याच दिल्या, ती आता चिंचोके फोडून खेळणार आहे.

पार्सल मिळालं की फोन कर. आणि रात्री किती वाजता जेवतोस, तेही सांग.

तुझी,
आई