बाबा, गाडी वाटेत थांबेल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही "मी बरा आहे, तू तुझं बघ" म्हणून फोन आईच्या हातात देता, आणि आई मागच्या पडवीत जाऊन हळू आवाजात बोलायला लागते. म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र वाचा.

आधी माझी चूक सांगते. पोटावरची मळाची पिशवी बंद करायच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी तुमच्या पायाशी बसून म्हणाले होते, "एकदा ही पिशवी गेली की सगळं पूर्वीसारखं होईल." मला काही माहीत नव्हतं, तरी छातीठोकपणे बोलले. दवाखान्यातून सोडताना "थोडे दिवस जुलाब होतील" एवढंच सांगितलं गेलं, आणि थोडे म्हणजे किती हे मी विचारलं नाही. आईने परशुरामाला नारळ फोडला, आपण सगळे सुटल्यासारखे झालो. त्याला आता चार महिने झाले.

गणपतीत घरी आले तेव्हा पहाटे साडेतीनला मला जाग आली. संडासाच्या दाराखालून उजेड येत होता. बाहेर पाटावर आई बसली होती, मांडीवर तुमचा धुतलेला लेंगा. "झोप तू, हे रोजचंच आहे," म्हणाली. तासाभरात तुम्ही पाच वेळा आत गेलात. सकाळी आरतीला, मला कळतंय तेव्हापासून झांजा घेऊन पुढे उभे राहणारे तुम्ही, मागच्या दाराला टेकून उभे होतात. मोदकाला हात लावला नाहीत. आणि नंतर आईला म्हणालात, "पिशवी होती तेच बरं होतं." मी माजघरात होते, मला ऐकू आलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

बाबा, तुमचं पोट बिघडलेलं नाही, ऑपरेशनही फसलेलं नाही. गाठ होती तो गुदाशयाचा भाग काढलाय. गुदाशय म्हणजे जेमतेम वीतभर लांबीची जागा, पण मळ साठवून ठेवायचं काम तिचं. ती भरली की हळूहळू जाणीव होते, आणि माणूस तासभर थांबूही शकतो. आता मोठं आतडं ओढून थेट खाली जोडलंय. ते अरुंद आहे, आणि साठवणं त्याला ठाऊक नाही; आलं की पुढे ढकलायचं एवढंच त्याला येतं. त्यात 25 दिवस रेडिएशन झालंय, त्याने तिथला भाग ताठर होतो. शिवाय पिशवी होती तितके महिने खालचे स्नायू बसून होते. म्हणून लागली की धावावं लागतं, थोडंसं होतं, दहा मिनिटांनी पुन्हा कळ येते. वारा आहे की परसाकडला, हेही आधीसारखं उमगत नाही. हे तुमच्या एकट्याचं नाही. ज्यांचं खालच्या बाजूचं गुदाशयाचं ऑपरेशन होतं, त्यांच्यातल्या पुष्कळांना हा त्रास होतो, आणि डॉक्टरांकडे त्याला नाव आहे: लार्स.

डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 2012 साली यासाठी पाच प्रश्नांची एक गुणपत्रिका काढली. वारा आवरता येतो का, पातळ झाल्यास आवरतं का, दिवसातून किती वेळा, तासाच्या आत पुन्हा जावं लागतं का, आणि लागल्यावर धावत सुटावं लागतं का. एकूण गुण 42, आणि 30 किंवा त्याहून जास्त झाले की त्रास मोठा धरतात. आईला विचारून मी तुमचे गुण मांडले, ते 41 आले. पण मला त्यातलं वेगळंच काही दिसलं. दिवसातून सातपेक्षा जास्त वेळा जाण्याला त्यात फक्त 4 गुण आहेत. धावत जावं लागण्याला 16, तासात पुन्हा जावं लागण्याला 11. तुम्ही कॅलेंडरवर पेन्सिलीने रोज रेघा मारता, आज नऊ, काल अकरा, आणि त्या मोजून खचता. तो आकडा त्यामानाने कमी महत्त्वाचा आहे, बाबा. धावपळ आणि पुन्हापुन्हा जाणं कमी झालं, तर नऊ वेळा जाणारा माणूसही देवळात जाऊन येऊ शकतो.

आता उपाशी राहण्याबद्दल. बाहेर काम असलं की तुम्ही आदल्या रात्रीपासून नुसत्या चहावर राहता. त्याने आतडं शांत होत नाही, उलट रिकाम्या पोटी गॅस जास्त होतो, नुसती आव पडते, आणि तुमचं वजन मात्र उतरतंय. लेंग्याची नाडी किती आवळलीय ते मी पाहिलं. थोडं थोडं, पण ठरलेल्या वेळी खा. खाल्लं की आतडं हलतं, सकाळच्या न्याहारीनंतर सगळ्यात जास्त. हा शरीराचा नियमच आहे, त्याच्याविरुद्ध जाण्यापेक्षा तो धरून चालू. साडेसातला न्याहारी, पुढचे दोन तास घरातच, आणि मग बाहेर.

आई, तू करतेस ती पेज चालेल. पण महिनोन्महिने एकट्या पेजेवर माणूस उभा राहत नाही. मऊ भात, दही, पिकलं केळं, उकडलेला बटाटा, अंडं, कमी तिखटाचं माशाचं कालवण, हे सगळं दे. वाल, चवळी, फणस, कच्चा कांदा, तळलेलं आणि ती लाल मिरची सध्या राहू दे. नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच, म्हणजे कशाने बिनसलं ते कळेल. वहीत लिहून ठेव. आणि इसबगोल बंद केलंस, ते पुन्हा सुरू कर. तुला वाटलं ते पोट साफ व्हायला देतात, म्हणून उलट होईल. डॉक्टरांना परवा मी नीट विचारून घेतलं. भरपूर पाण्यातून घेतलं तर ते सैल करतं. यांना एक छोटा चमचा थोड्या पाण्यात कालवून जेवणाबरोबर द्यायचं, म्हणजे ते आतलं पाणी शोषून मळ बांधून आणतं. लोपेरामाइडची गोळीही त्यांनी लिहून दिलीय, ती जेवणाआधी अर्धा तास. "गोळीची सवय लागेल" म्हणून डब्यात ठेवून देऊ नका. किती घ्यायची ते त्यांच्याच सांगण्याने कमी-जास्त करू.

कातडी सोलवटलीय हे आईने सांगितलं, तुम्ही सांगणार नव्हतात. साबण लावू नका. कोमट पाण्याने धुवायचं, जुन्या सुती साडीच्या फडक्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि वरून झिंक ऑक्साइडचं मलम. पॅडला नाही म्हणू नका, बाबा. पॅड लावून पारावर जाऊन बसता आलं तर ते लावणंच बरं.

ताप आला, रक्त पडलं, किंवा पोट फुगून उलट्या झाल्या आणि वाराही सरला नाही, तर माझी वाट बघू नका. शेजाऱ्यांना हाक मारा आणि लगेच दवाखाना गाठा.

पुन्हा खोटी आशा लावणार नाही. बहुतेकांना पहिल्या वर्षभरात बराच फरक पडतो, काहींना दोन वर्षं लागतात. अगदी पूर्वीसारखं बहुधा होणार नाही. पण गोळ्यांपलीकडेही उपाय आहेत. खालच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, ते स्नायू आवळताहेत की नाही हे यंत्रावर बघून शिकवतात. खालून पाणी सोडून आतडं एकदाच रिकामं करायची पद्धत आहे, त्याने पुढे बराच वेळ निवांत जातो. आणि एवढं सगळं करूनही जमलं नाही, तर पिशवीबद्दलही पुन्हा बोलता येईल. तिच्यासाठी भोक मापून कापायला शिकलेली आई अजून घरातच आहे. तुम्ही तसं म्हणालात यात हार मानल्यासारखं काही नव्हतं.

म्हणूनच पुण्याला चला म्हणतेय. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची गुरुवारची वेळ घेतलीय. तुम्ही नाही म्हणालात. कारण आईने सांगितलं: 5-6 तासांचा रस्ता, वाटेत काय करणार.

बाबा, मी चौथीत असताना मे महिन्यात तुम्ही कंडक्टर होतात त्या चिपळूण-कराड एसटीत मला बरोबर नेलं होतं. कुंभार्ली घाट चढून हेळवाकच्या अलीकडे एक म्हातारे गृहस्थ उठून तुमच्या कानाशी काहीतरी म्हणाले. तुम्ही घंटी मारलीत. स्टॉप नव्हता. ते आजोबा झाडीत गेले, आणि गाडी उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, किती वेळ?" तिकिटांचा ट्रे काखेत धरून तुम्ही म्हणालात, "येतील ते. आल्यावर निघू." ते आले तेव्हा मान वर करत नव्हते. तुम्ही हात देऊन त्यांना वर घेतलंत आणि काहीही न विचारता दोनदा घंटी मारलीत.

मी मंगळवारी रात्री पोचते, गाडी मीच चालवत आणतेय. बुधवारी तुमची सकाळ पूर्ण होऊ दे. सातला गोळी, साडेसातला न्याहारी, मग तुम्हाला हवा तितका वेळ. दहा, अकरा, कधीही निघू. थांबायला कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा आहेतच, आणि मध्ये कुठेही "थांब" म्हणालात की थांबेन. आई, मागच्या सीटवर तू बसशील ना, तिथे दोन लेंगे, फडकी, पाण्याच्या चार बाटल्या आणि मोठी छत्री ठेव. पाटही घे, आमच्याकडचा कमोड उंच आहे, यांना पाय टेकायला लागेल.

छोटीने आजोबांसाठी संडासाच्या दारावर चिठ्ठी चिकटवलीय, "आजोबांचा नंबर पहिला." तिच्या बाबांनाही तिने ती वाचून दाखवलीय.

तुमची लेक