भरपाईची अट घातलीत, ती गरिबाने पुरी करायची कशी? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

1 जुलै 2024 रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा शिक्षेपेक्षा न्यायावर भर राहील, असे सांगितले गेले. फिर्यादीचे नुकसान भरून निघेल आणि पहिल्यांदा चुकलेला माणूस तुरुंगाबाहेर राहील, अशी आमची समजूत झाली. गरीब आरोपींची वकीलपत्रे दाखल करणाऱ्या आम्हा वकिलांसमोर ते आश्वासन रोज मोडते आहे.

भारतीय न्याय संहितेचे चोरीबद्दलचे कलम 303(2) पाहा. माल 5,000 रुपयांच्या आतला, आरोपी प्रथमच दोषी आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामाजिक सेवेची. पण किंमत कोणती धरायची? 12,000 ला घेतलेला मोबाइल तीन वर्षांनी 4,000 लाही जात नाही. फिर्यादीत बिलाचा आकडा लिहिला की अदखलपात्र, जामीनपात्र गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो. एका आकड्यावर माणूस आत जातो! मोबाइल पोलिसांनी जप्त केला असेल, तर तो आरोपीने परत केला असे धरायचे की नाही, याचेही उत्तर कलमात नाही.

दुसरा मार्ग प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोडीने खटला मिटवण्याचा; फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 289 ते 300 मधला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे त्यात बसतात. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे वगळले आहेत. दोषारोप ठेवल्यापासून 30 दिवसांत आरोपीने शपथपत्रासह अर्ज करायचा, मग 60 दिवसांच्या आत फिर्यादी पक्षाशी बोलून भरपाई ठरवायची. आता गोम अशी, की 20,000 पर्यंतच्या चोरीचा खटला कलम 283 प्रमाणे संक्षिप्त पद्धतीने चालतो. तिथे रीतसर दोषारोप ठेवावाच लागत नाही. मग 30 दिवस मोजायचे कुठून?

मुदत सापडली तरी पुढे पैसा आडवा येतो. द्रव्यदंडाला कायद्यात हप्त्यांची सोय आहे, या भरपाईला नाही. ऐपत तपासण्याची पायरीही नाही. रक्कम देणारा सुटण्याच्या वाटेला लागतो आणि रोजंदारीवरचा माणूस तारखा घेत राहतो. कुठे पैसे कोर्टाच्या व्हरांड्यात रोख दिले जातात, पावती नसते आणि पुढच्या तारखेला फिर्यादी ते मिळालेच नाहीत म्हणतो. अमेरिकेत न्यू जर्सीने खटल्याआधीच आरोपीला बाहेर काढणारी योजना आखताना नियमातच लिहिले, की भरपाई झेपणार नाही एवढ्याच कारणाने प्रवेश नाकारायचा नाही. अंशतः किंवा प्रतीकात्मक भरपाईही चालेल. आपल्याला हे एक वाक्य का लिहिता येऊ नये?

केंद्राचा कायदा आहे, हे उत्तर कृपा करून देऊ नका. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, राज्य दुरुस्ती सुचवू शकते. सरकारी वकिलांवर देखरेख ठेवणारे अभियोग संचालनालय तर राज्याचेच आहे. सरकारी वकिलांना परिपत्रक काढा: मालाची किंमत चोरीच्या दिवशीच्या बाजारभावाने धरा, जप्त माल परत केलेला समजा, आरोपीची कमाई लिहून घेऊन हप्ते सुचवा. पैसे फक्त नाझरकडे, म्हणजे कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पावतीवर. तडजोडीच्या मसुद्यात परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 3 किंवा 4 खाली, म्हणजे ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मागणी घाला. नाहीतर दोषसिद्धीचा डाग पोलीस पडताळणीत पुढे येतो आणि नोकरी जाते. दोषसिद्धीमुळे अपात्र न ठरण्याचे, कलम 12 चे संरक्षण त्या दोन कलमांखाली सुटलेल्यालाच आहे. हा डाग लागतो, हे अर्जावर अंगठा घेण्याआधी आरोपीला सांगा. 30 दिवसांची मुदतही पहिल्याच तारखेला, मराठीत, लेखी कळवा.

देशातल्या तुरुंगांत 2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. गुन्हा सिद्ध न झालेली ही माणसे. तुमचे खाते, गृह खाते, न्यायालय, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि फिर्यादीलाही त्याचे 4,000 मिळत नाहीत. ज्या व्यवस्थेत फिर्यादी आणि आरोपी दोघेही हरतात, तिच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

परिपत्रक काढणार की नाही, एवढे लेखी कळवा. काढणार असाल तर तारीख द्या.

आपले,
विधी सहाय्याचे काम करणारे वकील