फ्रॅक्टलची जागा कंपासपेटीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शने जवळ आली की सायबर कॅफेतून फ्रॅक्टलची, म्हणजे ज्यांच्या लहान भागातही पूर्ण आकृतीचाच नमुना पुन्हा दिसतो अशा आकृत्यांची, रंगीत चित्रे छापून आणायची आणि कार्डशीटवर डकवायची, अशी रीत शाळाशाळांतून पडली आहे. चित्र देखणे असते. परंतु परीक्षकाने ‘याची पुढची पायरी काढून दाखव’ म्हटले की विद्यार्थी गप्प होतो, कारण त्यातला एकही बिंदू त्याने स्वतः ठरवलेला नसतो. चित्रकला शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हे खटकते. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये रूढ केला असला, तरी स्वीडनचे गणितज्ञ कॉख यांनी आपली प्रसिद्ध वक्ररेषा १९०४ मध्येच मांडली होती, म्हणजे संगणकाचा मागमूसही नव्हता तेव्हा.

ती वक्ररेषा त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर काढली की होणारी आकृती कोणत्याही सातवीच्या मुलाला जमते. १६.२ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण काढावा, प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करावेत, मधल्या भागावर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण उभारावा आणि तो मधला भाग खोडावा. मग तयार झालेल्या प्रत्येक लहान बाजूवर हीच कृती पुन्हा करावी. बाजूची लांबी ५.४ सेंमी, १.८ सेंमी, ६ मिमी आणि २ मिमी अशी उतरत जाते, तर बाजूंची संख्या तीनावरून १२, ४८, १९२ आणि ७६८ अशी चढते. परिमिती ४८.६ सेंमीवरून दीड मीटरच्या पुढे जाते, तरीही आकृती त्याच ए-फोर कागदावर मावते; पायऱ्या कितीही वाढवल्या तरी तिचे क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या १.६ पटीपलीकडे जात नाही. पाचव्या पायरीला बाजू पाऊण मिलिमीटरपेक्षाही लहान होते, पेन्सिलीची रेघच जवळजवळ तेवढी जाड असते आणि हात थांबतो. नियम मात्र थांबलेला नसतो, हे तेव्हा मुलाला न सांगता कळते.

चुकाही शिकवतात. पहिल्या पायरीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चौथ्या पायरीत तो अर्ध्या बाजूएवढा होऊन टोके एकमेकांना भिडत नाहीत. म्हणून पेन्सिल कडक आणि टोकदार हवी, कंपासचा स्क्रू घट्ट हवा आणि मधले भाग पुसट ठेवून शेवटीच खोडावेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या भूमितीत रेषेचे समान भाग करण्याची रीत मुले शिकतातच. परीक्षेतल्या सवलतीच्या गुणांपलीकडे तिचा उपयोग करायला कुणी सांगत नाही, इतकेच.

आपल्या जिल्ह्यात तर उदाहरणही दगडातच आहे. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या भूमिज शैलीतल्या शिखरावर त्याच शिखराच्या लहान प्रतिकृती ओळीने रचलेल्या आहेत. शाळांच्या सहली तिथे जातात आणि मुले फोटो काढून परततात. वही उघडून त्या ओळी रेखाटायला फार तर एक तास लागेल.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. कॉखच्या आकृतीचे सारे कोपरे त्रिकोणी ठिपक्यांच्या जाळीवर बरोबर बसतात. बालपुरवणीत एकदा ६ मिलिमीटर अंतराची अशी जाळी छापावी. ठिपक्यांमधली २७ अंतरे म्हणजे नेमके १६.२ सेंमी, त्यामुळे तिसऱ्या पायरीपर्यंत पट्टीने मोजायची गरजच पडणार नाही. जागा साधारण पाव पान लागेल. फक्त आकृती आधीच काढून छापू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
पंचवटी, नाशिक