बेराच्या खोलीबाहेर भेटलेल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही कोरेगावकडच्या, पहाटेच्या एसटीने पुण्याला आला होतात, लेकीच्या कानामागच्या ऐकायच्या मशीनचं मॅपिंग, म्हणजे आवाजाची जुळणी, करून घ्यायचं होतं आणि पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते, एवढीच माहिती माझ्याकडे आहे. शिवाय तुमची गोधडी. ती चुकून आमच्याबरोबर घरी आली. नंतर दोनदा त्या विभागात जाऊन चौकशी केली, पण "पेशंटचं नाव काय?" म्हटल्यावर मी गप्प. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमची लेक आता सगळं वाचत असेल, तिच्या नजरेला पडलं तर बरं.

त्या दिवसाचं तुम्हाला काही आठवत असेल-नसेल. माझा मुलगा तेव्हा पावणेतीन वर्षांचा होता. शब्द मोजून आठ, त्यातला 'बाबा' हा कुत्र्यालाही चालायचा. बेरा, म्हणजे कानांना ऐकू येतं का ते बघायची तपासणी, करायची तर मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे चारला उठवा, वाटेत डुलकी लागू देऊ नका, अशा सूचना होत्या. रिक्षात सबंध वाट मी त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत आणलं. झोपेचं सिरप पाजलं आणि पठ्ठ्या असा चेकाळला की तासभर कॉरिडॉरमध्ये नुसता धावत होता. दोनदा झोपला आणि दोन्ही वेळा कपाळावर ती खरखरीत पेस्ट चोळताना जागा झाला. आतल्या बाई म्हणाल्या, एकपर्यंत झोपला नाही तर पुढची तारीख घ्या. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. मी बाकड्यावर बसले आणि मला रडूच फुटलं.

तुम्ही काही विचारलं नाहीत. पोराला माझ्याकडून घेतलंत, गोधडीत घट्ट गुंडाळलंत, लांब केलेल्या पायांवर आडवं टाकून हलवायला लागलात. मी मधे मधे "झोप रे राजा" करत होते तर मला दटावलंत, "तू बोलू नको. तुझा आवाज आला की त्ये डोळं उघडतंय." वीस मिनिटांत तो झोपला. तसाच गोधडीसकट आत नेला. त्या एसीच्या थंडगार अंधाऱ्या खोलीत पाऊण तास तो हललाही नाही.

रिपोर्टची वाट बघत आपण बसलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "बोलायला कुठं नेतीस ह्याला?"

मी उत्साहाने सांगायला लागले. घराजवळच, बोलणं शिकवायचं सेंटर, काचेचं दार, रंगीत गाद्या, आठवड्यातून दोनदा, एका वेळचे आठशे. चोवीस वेळांचं पॅकेज एकदम भरलं तर सूट, म्हणून पहिलं संपल्यावर दुसरंही भरून टाकलं होतं. पाच महिने झाले होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "तुला आत बसू देत्यात का?"

नव्हते देत. आई समोर असली की मुलं लाड करतात, असं कारण सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं. चाळीस मिनिटं मी बाहेर सोफ्यावर फोन बघत बसायचे. दार उघडलं की "आज छान केलं हं त्याने" ऐकायचं आणि पोराला घेऊन घरी जायचं. छान म्हणजे काय केलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच डोक्यात आलं नाही.

तुम्ही बोटांवर हिशेब मांडलात. आठवड्याला त्या शिकवणाऱ्या बाईजवळ दीड तासही नाही, बाकीचा सगळा वेळ तुझ्याजवळ. "मग शिकवायचं कुणाला, त्याला का तुला?"

ताई, त्या एका प्रश्नासाठी खरं तर हे पत्र. त्याआधी आमच्याकडे सगळे उपाय करून झाले होते. सासूबाईंनी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावलं, पोपटाने उष्टावलेला पेरू कुठून तरी मिळवला. नवरा म्हणायचा, मीही उशिराच बोललो. प्लेग्रुपच्या बाई म्हणाल्या, घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. काचेच्या दाराआडही तेच सांगितलं होतं, आणि तिथे तर त्याच्याशी हिंदी-इंग्रजीतच बोलायचे. आम्ही दोघं नवरा-बायको जेवताना एकमेकांना "पास द भाजी" म्हणायला लागलो होतो. आज हसू येतं, तेव्हा आम्ही अगदी गंभीरपणे करत होतो. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून ती बिचारी नातवाशी बोलणंच कमी करत गेली. ज्या घरात मूल बोलत नाही त्या घरात आम्ही आणखी एका माणसाला गप्प केलं. याची खंत मला अजून आहे.

मग तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत. लेकीला हाक मारली तर वळायची नाही, आणि सगळे म्हणायचे हट्टी आहे. एकाने तिला ऐकण्याची तपासणी न करताच वर्षभर 'बोलायचं ट्रेनिंग' दिलं. साडेतीन वर्षांची झाल्यावर कळलं, दोन्ही कानांनी ऐकूच येत नाही. मग वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हेलपाटे, सरकारी योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, कागदपत्रं, आणि पाचवं वर्ष संपायच्या आत ऑपरेशन व्हावं म्हणून केलेली धावपळ. हे तुम्ही शेतातल्या कामाबद्दल सांगावं तसं सांगत होतात. मधेच लेकीला हाक मारलीत, ती पाठमोरी होती, आणि ती झटकन वळली. तुमचं बोलणं तिथे जरा थांबलं.

माझ्या मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला. ऐकू नीट येत होतं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच लाज वाटली, तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्हीच माझ्या हातावर लाडू ठेवलात.

निघताना तुम्ही जे सांगितलंत ते मी रिपोर्टच्या पाकिटावर लिहून घेतलं होतं. भिंतीवर डिग्री बघ. बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या उपचारांची पदवी, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, किंवा त्यापुढची एमएएसएलपी. भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी नंबर माग. मागितल्यावर ज्याला राग येईल तिथून उठ. आधी कानाचं विचारत नसेल तरी उठ. 'तीन महिन्यांत बोलता करतो' म्हणणारा असला तर चप्पल घालायलासुद्धा थांबू नको. (हे शेवटचं मी नवऱ्याला दहा वेळा ऐकवलं आहे.) आणि पैसे संपले म्हणून सोडून देऊ नको, जिल्ह्याच्या सिव्हिलला डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या अशा अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र, असतं, तिथे फी पडत नाही. तुम्हाला ते अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकामुळे कळलं होतं. ते पथक ज्याचं, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, हे मी नंतर वाचलं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुण्यात राहून, दोन पदव्या घेऊन मला त्याचा पत्ता नव्हता.

पॅकेजचे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. ते जाऊ दे.

पुढच्या महिन्यात मी तिघांना भेटले. एका ठिकाणी बाईंची डिग्री, नंबर सगळं चोख होतं, पण 'आत बसता येईल का' म्हटल्यावर "आमची तशी पद्धत नाही". दुसऱ्या बाई मला फार आवडल्या. आमच्या हडपसरहून त्यांचं क्लिनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला, पोचेपर्यंत सव्वा तास, आणि पोचल्यावर पोरगं खांद्यावर झोपलेलं. चांगली माणसं लांब असतात आणि मुलांना दुपारी झोप येते, यावर कुणाकडे इलाज नाही.

तिसरी जागा पिठाच्या गिरणीवरची एक खोली. जिना चढतानाच मी मनात फुली मारली होती. बोलणं शिकायची जागा आणि खाली गिरणी! पण भिंतीवर तुम्ही सांगितलेला नंबर होता. परिषदेच्या वेबसाइटवर नाव शोधलं, तिथेही होतं. बाई नागपूरकडच्या, मराठीत बोलणाऱ्या. मी दारात घुटमळले तर म्हणाल्या, "या ना आत, तुमच्याशिवाय मी काय करणार?"

मी मनात तुमच्या पाया पडले.

पहिली वीस मिनिटं त्यांनी त्याच्याकडून काहीही वदवून घेतलं नाही. जमिनीवर त्याच्यासमोर बसल्या. तो गाडी उलटी करून चाक फिरवत होता, तर त्यांनीही दुसरी गाडी उलटी केली. मला विचारलं, घरी पाणी हवं असलं तर तो काय करतो? मी म्हटलं, माठाकडे बघतो. "आणि मग?" मग मी देते. "तो मागायच्या आधीच?" हो. त्या हसल्या. बोट दाखवतो का, नावाने हाक मारली तर बघतो का, आपली वस्तू दाखवायला आणतो का, हेही विचारून घेतलं. मग साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. दोनदा फुगे उडवले, झाकण लावलं आणि बाटली हातात धरून नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. मी "बोल, फुगा बोल" म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. ते थांबणं मला असह्य झालं, ताई. मी मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन. आठवर असताना त्याने बाटलीकडून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फू". झाकण उघडलं.

तेवढ्यात खालची गिरणी सुरू झाली. "घर्रर्र," बाई म्हणाल्या, मान वाकडी करून. तो खिदळला आणि त्याच्या तोंडून "दल्ल" निघालं. पाच महिने आणि हजारो रुपये एकीकडे आणि कुणाचं तरी बाजरीचं दळण एकीकडे.

त्यांनी कसलंही वचन दिलं नाही. बारा वेळा या, मग दोघी मिळून बघू, फरक नसला तर मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे मी स्वतः चिठ्ठी देईन, म्हणाल्या. घरातल्या भाषेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला ज्या भाषेत रागावता येतं आणि लाड करता येतात, तीच बोला. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, आई, तुम्ही त्याच्याशी बोला, हवं तेवढं बोला. त्या रात्री उशिरापर्यंत आतल्या खोलीतून बडबडगीतं ऐकू येत होती. नवरा म्हणाला, आता ही दोघं आपल्याला झोपू देणार नाहीत.

दर वेळी घरी करायचं एकच काम मिळायचं. एका आठवड्यात 'हे काय आहे?' विचारायचं नाही. हे मला सर्वांत जड गेलं, कारण तोवर मी पोराची दिवसभर तोंडी परीक्षाच घेत होते. एका आठवड्यात दोन वस्तू समोर धरायच्या, केळं की बिस्किट, आणि थांबायचं. एका आठवड्यात तो एक शब्द बोलला की आपण दोन बोलायचे. तो 'गाडी' म्हणाला (तेव्हा 'दाई' म्हणायचा) तर आपण 'गाडी पळाली'. कागद फ्रिजवर लावलेला असायचा, त्यामुळे कामाला येणाऱ्या मावशीही थांबायला शिकल्या. माठातलं पाणी कुणी न मागता देईना. चौथ्या आठवड्यात त्याने माठासमोर उभं राहून "पाई" म्हटलं आणि आम्ही चौघं चार दिशांनी पेला घेऊन धावलो.

आता तो सव्वाचार वर्षांचा आहे. वाक्यं बोलतो, भांडतो, चुगल्या करतो. 'क' आणि 'ग' चे 'त' आणि 'द' होतात, त्यावर सध्या काम चालू आहे. 'काळा'चा 'ताला' होतो, पण 'ळ' ला बाईंनी अजून हात लावलेला नाही, तो उशिरानेच येतो म्हणे.

गोधडी तोच पांघरतो. दोनदा उसवली, दोन्ही वेळा सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या काठाने शिवली, त्यामुळे एका कोपऱ्यात तुम्हाला अनोळखी हिरवा काठ दिसेल. धुतली की वाळेपर्यंत पोरगं दोरीखाली उभं असतं. मी त्याला सांगितलं आहे की ही आपली नाही, एका मावशींची आहे, त्यांना द्यायची आहे. परवा रात्री त्याने ती गळ्यापर्यंत ओढली आणि विचारलं, "आई, मावशीला दुसली दोधली हाये ता?"

तर ताई, तेवढं कळवा.

तुमची,
त्या दिवशी निळी ओढणी घेऊन बाकड्यावर रडत बसलेली