दूरस्थ हजेरी हवी, पण हॉटेलातून मतदान नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथ, पूर किंवा युद्धजन्य परिस्थितीत मध्य प्रदेशच्या आमदारांना भोपाळला न जाता व्हिडिओवरून विधानसभेच्या कामकाजात भाग घेता यावा, या मागणीला आमचा पाठिंबा आहे. डिसेंबर २०२० मधले हिवाळी अधिवेशन करोनामुळे झालेच नाही. धर्मस्वातंत्र्याचा (म्हणजे सक्तीच्या धर्मांतराविरुद्धचा) कायदा मग जानेवारीत अध्यादेशाने आला आणि विधानसभेपुढे विधेयक म्हणून मार्चमध्ये गेला. सभागृह बसले नाही म्हणून सरकारचे काम थांबत नाही, त्याला जाब विचारणे तेवढे थांबते.

मात्र आमदारांना नुसती लिंक पाठवून भागणार नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १८९ 'उपस्थित आणि मतदान करणाऱ्या' सदस्यांचे बहुमत मागतो. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, दहा सदस्य किंवा एकदशांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती. २३० आमदारांच्या आपल्या विधानसभेत ती २३ होते. एवढे सदस्य आणि अध्यक्ष प्रत्यक्ष सभागृहात असलेच पाहिजेत, असा नियम केला तर गणपूर्तीचा वाद उरत नाही. बाकीच्यांच्या 'उपस्थिती'साठी अनुच्छेद १७४ कामी येऊ शकतो, असे आम्हाला वाटते. अधिवेशनाची वेळ आणि जागा राज्यपाल ठरवतात. आमदार जिथून व्हिडिओवर भाग घेतील ती जिल्हा केंद्रे त्या आदेशातच नमूद करावीत आणि अनुच्छेद २०८ खालच्या नियमांत ती सभागृहाचा भाग मानावीत. विशेषाधिकार आणि अध्यक्षांची शिस्त मग तिथेही लागू होईल.

खरी अडचण मतदानाची आहे. आवाजी मतदान पडद्यावर चालतच नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे सॉफ्टवेअर साधारणपणे एका वेळी सर्वांत मोठा आवाज पुढे आणते आणि बाकीचे आवाज गोंगाट समजून दाबते. 'होय'चा जोर जास्त की 'नाही'चा, हे अध्यक्षांना कळणार कसे? म्हणून प्रत्येक मत नाव पुकारूनच घ्यावे लागेल. भोपाळहून एकेक नाव पुकारले आणि प्रत्येकी दहा सेकंद धरले, तरी २३० नावांना ३८ मिनिटे लागतात. सगळ्या ५५ जिल्हा केंद्रांवर एकाच वेळी मतदान घेतले तर इंदूर जिल्ह्याचे नऊ आमदार दोन मिनिटांत मोकळे होतील. मग प्रत्येकाचे नाव आणि मत पडद्यावर दाखवावे, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी आणि त्यानंतरच निकाल जाहीर करावा. मध्येच लाइन तुटली तर त्या केंद्राचे मतदान पुन्हा घ्यावे. फोनवर सांगितलेले मत धरू नये. ओटीपीने मत घेण्याची सूचना सोयीची दिसते खरी, पण आमदारांचा फोन पुष्कळदा स्वीय सहायकाकडे असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०२० मध्ये एका सदस्याला दहा गैरहजर सदस्यांपर्यंतची मते देण्याची मुभा दिली होती. आपल्याकडे तसे केले तर सगळी मते पक्षाच्या प्रतोदाच्या खिशात जातील.

केंद्रे एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) खोल्यांत उभारता येतील, पण मतांची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने करता कामा नये. तो सरकारचा माणूस. विधानसभा सचिवालयाने आपले ५५ कर्मचारी पाठवावेत. हजेरीची पद्धत कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांतून जशीच्या तशी उचलता येईल. संचालक व्हिडिओवरून बैठकीला बसतो तेव्हा आपले नाव, ठिकाण, विषयपत्रिका मिळाल्याचे आणि दुसरे कोणी हजर नसल्याचे त्याला सुरुवातीलाच सांगावे लागते. विलगीकरणात असलेल्या आमदाराला घरून बोलू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. मत मात्र देता येऊ नये. त्याचे एक मत जाईल, आणि ते नुकसान सोसावे असे आमचे मत आहे.

आणि विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावाला ही सवलत मुळीच नको. मार्च २०२० मध्ये आपल्याच राज्यातले सत्ताधारी पक्षाचे २२ बंडखोर आमदार बंगळुरूच्या हॉटेलात होते आणि बहुमत चाचणीसाठी सर्वोच्च न्यायालयाला २० मार्चची मुदत घालून द्यावी लागली. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे, ते दिसत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: सभागृहात सदस्य उभा राहून हरकतीचा मुद्दा मांडू शकतो, पडद्यावर मात्र ऑपरेटर त्याचा माइक बंद करू शकतो. माइक फक्त अध्यक्षांच्या तोंडी आदेशाने बंद व्हावा, त्याची नोंद कामकाजात यावी आणि हरकतीच्या मुद्द्यासाठी प्रत्येक केंद्रावर वेगळे बटण असावे. विरोधी पक्षाने या कलमावर अडून बसावे.

सवलत एका अधिवेशनापुरतीच असावी आणि सभागृहाच्या कामाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या कार्यमंत्रणा समितीने एकमताने शिफारस केली तरच लागू व्हावी. नियम समितीने मसुदा साध्या काळातच मांडावा आणि तालीमही तेव्हाच घ्यावी: एका केंद्राची वीज बंद करून, दुसऱ्याची लाइन तोडून, तिसरीकडे मतदान चालू असताना माइक बंद पाडून.

आपले,
संसदीय कामकाजाचे अभ्यासक,
स्नेहलतागंज, इंदूर