नो क्लेम बोनस मालकाचाच

वाहन विम्याच्या वाढत्या हप्त्यांवरील आपला लेख वाचला. मात्र विमा कंपनी बदलल्यास नो क्लेम बोनस (वर्षभरात भरपाईचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) बुडतो, हे त्यातील विधान दुरुस्त व्हायला हवे. ही सवलत कंपनीची किंवा वाहनाची नसून मालकाची असते आणि जुन्या पॉलिसीचा पुरावा दिल्यास ती नव्या कंपनीकडेही लागू होते. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के, तीही थर्ड पार्टीच्या (इतरांच्या नुकसानीसाठीच्या विम्याच्या) नव्हे, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपोटी भरलेल्या हप्त्यावर मिळते. ती बुडते पॉलिसीची मुदत संपून नूतनीकरणाविना ९० दिवस उलटल्यावर. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत नूतनीकरण लांबवणाऱ्या खान्देशातील शेतकऱ्यांना एजंटांनी हे वेळीच सांगावे.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)