चिऊ, जेवायचा हात कुठला?

प्रिय चिऊ,

काल फोनवर पाच मिनिटं बोललीस आणि "मी ठीक आहे बाबा, झोपते आता" म्हणून ठेवूनही दिलास. आईला मी एवढंच सांगितलंय की विमान परत आलं, काहीतरी तांत्रिक होतं. इंजिनाचं बोललो नाही. ते तूच सांग, पण अण्णांचं वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे.

उपदेश करायला बसलेलो नाही. रविवारी तू परत ड्युटीवर जाणार, म्हणून लिहितोय.

चाकं आत गेली, उजवीकडे धाडकन आवाज झाला, विमान थरथरायला लागलं, आणि तरी 400 फूट वर जाईपर्यंत तुम्ही दोघांनी इंजिनाच्या कशालाच हात लावला नाही, नुसतं विमान सांभाळलंत, हे तू सांगितल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. मग स्क्रीनवरचं वाचलंस, दोन नंबरच्या, म्हणजे उजव्या इंजिनाच्या स्विचवर बोट ठेवलंस आणि विचारलंस "कन्फर्म?" कॅप्टनसाहेबांनी बघितलं, "कन्फर्म" म्हणाले, मग बंद केलंस. बोट ठेवून थांबलीस. रात्रभर मला ते बोटच दिसत होतं.

कारण तुला डावं-उजवं कळायचं नाही गं. सगळी पोरं जेवायचा हात तो उजवा असं शिकतात, तू डावखुरी, आजी पाटावर बसवून विचारायची "जेवायचा हात कुठला?" आणि तू खुशाल डावा वर करायचीस. शेवटी आईने उजव्या मनगटाला काळा दोरा बांधला. शाळेत कवायतीला "दहिने मूड" झालं की तू आधी दोऱ्याकडे बघायचीस आणि मग वळायचीस, सगळ्यांच्या मागून. मी गेटबाहेरून बघायचो, पोटात तुटायचं.

तू म्हणशील, बाबा, आमच्याकडे डावं-उजवं नसतं, इंजिन वन आणि इंजिन टू असतं. माहितीये. पण 1989 च्या जानेवारीत लंडनहून बेलफास्टला निघालेलं ते विमान, डावं इंजिन बिघडलं होतं आणि त्यांनी उजवं बंद केलं. मागे बसलेल्या लोकांनी डावीकडून ठिणग्या बघितल्या होत्या, कॅप्टनने माइकवर उजवं सांगितलं, तरी कोणी काही बोललं नाही. 47 माणसं गेली. तैपेईला 2015 मध्ये तेच, उडाल्यावर दोन-तीन मिनिटांत खेळ खलास, 43 माणसं. अनुभवी माणसं होती गं ती. सिम्युलेटरमध्ये तुझी परीक्षा दर सहा महिन्यांनी होते हेही मला ठाऊक आहे. परत तेच बोलतोय, माफ कर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आईलाही नाही. मोटरमन व्हायच्या आधी मी कल्याणला असिस्टंट ड्रायव्हर होतो. सिग्नल दिसला की आधी मी हात करून ओरडायचो, मग ड्रायव्हरसाहेब तेच परत म्हणायचे. टिटवाळ्याच्या अलीकडे, धो धो पाऊस, काचेवर काही दिसेना, आणि मी "हिरवा" म्हणून ओरडलो. साहेब ओरडले नाहीत. त्यांचा हात ब्रेकवर गेला आणि एवढंच म्हणाले, "कुठला? परत बघ." शेजारच्या लाईनचा होता तो. आपला लाल होता. मी तेव्हा 24 वर्षांचा, तुझ्याहून लहान. खाली उतरून चहा घेताना ग्लास धरवत नव्हता, साहेबांनीच धरला.

म्हणून तुझं ते "कन्फर्म?" ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाहीये. पण कॅप्टन सीनियर आहेत, केस पिकलेले आहेत, म्हणून कधी नुसती मान डोलावू नकोस. खटकलं तर "परत बघा सर" म्हण. आणि उतरायची घाई नको. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, तुम्ही परत फिरलात की सगळ्या एअरपोर्टचा खोळंबा, हे मनात येतंच. माझी लोकल कुर्ल्याला अडकली की मागच्या दहा गाड्यांतले लोक शिव्या घालायचे. घालू देत. सिंगापूरला 2010 मध्ये त्या मोठ्या विमानाचं इंजिन उडाल्यावर चार मिनिटांत फुटलं, तर ते जवळपास दोन तास वर राहिले, एकेक गोष्ट तपासली आणि 469 माणसं सुखरूप उतरवली. बघ, परत लेक्चर सुरू झालं. हे सगळं तू मला शिकवायचं, मी तुला नाही.

जेवतेस का नीट? आवाज बसलेला वाटला. झोप लागत नसेल तर तसं ऑफिसला सांग, रविवारी जायलाच पाहिजे असं नाही. मला त्या फेरीनंतर दोन दिवस रजा मिळाली होती, मी घेतली नाही, घ्यायला हवी होती. जायचंच ठरवलंस तर जा, अडवणार नाही.

तुझं विमान संध्याकाळी येतं ना, मी गच्चीवर असेन. आपल्या घाटकोपरवरून विमान जाताना चाकं बाहेर आलेली स्पष्ट दिसतात. आई म्हणते एवढ्या उन्हात काय वर उभे राहता. तिला मी वाळवणाचं सांगेन.

बाबा

ता.क. डब्याच्या पिशवीत काळा दोरा ठेवलाय. बांधू नकोस हवं तर, बॅगेत राहू दे.